कॅनन कोपर्निकस आणि ऋतूंचे कोडे

थंडीत दिवस लहान होतो आणि उन्हाळ्यात मोठा, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण असे का होते, हे घरातल्या मुलाने विचारले, तर आपल्यापैकी पुष्कळजण सांगतील की उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो. हे उत्तर बरोबर नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या थंडीच्या दिवसांत. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर असते. ऋतूंचे खरे कारण पृथ्वीच्या फिरण्यात आणि तिच्या कलण्यात आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी ज्यांनी ते सविस्तर मांडले, त्यांचे आयुष्य एका कॅथेड्रलच्या सेवेत गेले. त्यांचे नाव निकोलस कोपर्निकस.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १४७३ रोजी पोलंडच्या राजसत्तेखालील टोरून या व्यापारी गावात झाला. व्हिस्टुला नदीच्या काठी वसलेले हे गाव आजही पोलंडमध्ये आहे. वडील व्यापारी होते. चार भावंडांत निकोलस सर्वांत धाकटे. ते दहाएक वर्षांचे असताना वडील वारले आणि मुलांची जबाबदारी मामा लुकास वाट्झेनरोड यांनी उचलली. हे मामा पुढे १४८९ साली वार्मिया धर्मप्रांताचे बिशप झाले. भाच्याने चांगले शिकावे ही त्यांची इच्छा होती. निकोलस १४९१ साली क्राकूव विद्यापीठात गेले आणि १४९६ साली इटलीतील बोलोन्या येथे ख्रिस्तसभेचा कायदा शिकू लागले. तेथेच ९ मार्च १४९७ च्या रात्री चंद्राने रोहिणी ताऱ्याला झाकलेले त्यांनी पाहिले आणि त्याची नोंद ठेवली. पुढे पादुआ येथे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि १५०३ साली फेरारा येथे कायद्याची डॉक्टरेट मिळवली.

दरम्यान फ्रॉमबोर्क कॅथेड्रलचे कॅनन, म्हणजे कॅथेड्रलचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सदस्य, म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. त्यांनी गुरुदीक्षा घेतल्याची नोंद मिळत नाही. पण मरेपर्यंत ते या सेवेत राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी काही वर्षे बिशपमामांचे सचिव आणि वैद्य म्हणून काम केले. १५१६ साली कॅथेड्रलच्या जमिनींची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि ते ओल्श्टिन येथील किल्ल्यात राहायला गेले. ओसाड पडलेल्या शेतांवर कुळे बसवणे आणि त्याच्या नोंदी करणे हे त्यांचे काम होते. १५२० साली युद्ध पेटले, तेव्हा त्या किल्ल्याच्या बचावाची तयारीही त्यांनी केली. नाण्यांतली चांदी कमी झाली की महागाई कशी वाढते, यावर त्यांनी निबंध लिहिला. आकाशाचा अभ्यास चालायचा तो या सगळ्या कामांतून उरलेल्या वेळात, आणि तोही दुर्बिणीशिवाय. दुर्बीण युरोपात आली ती त्यांच्या मृत्यूनंतर साठएक वर्षांनी.

या अभ्यासाचा ख्रिस्तसभेशी जवळचा संबंध होता. ईस्टरची तारीख ठरते ती वसंतातील विषुवदिनावरून, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवसावरून. तो २१ मार्च धरलेला होता. परंतु जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. एवढ्याशा फरकाने दर १२८ वर्षांत एक दिवस सरकत गेला आणि सोळाव्या शतकात विषुवदिन मार्चच्या दहा-अकरा तारखेलाच येऊ लागला. पाचव्या लॅटरन परिषदेच्या काळात, १५१४ साली, दिनदर्शिका सुधारण्यासाठी अनेक विद्वानांची मते मागवण्यात आली. कोपर्निकस यांनाही विचारले गेले. वर्षाची आणि महिन्याची लांबी अजून पुरेशी अचूक ठाऊक नाही, तोवर ही सुधारणा नीट होणार नाही, असे त्यांचे मत होते. असे मत देऊन ते थांबले नाहीत. सूर्याच्या गतीचे मोजमाप त्यांनी अधिक नेटाने सुरू केले.

ओल्श्टिनच्या किल्ल्यात त्याची एक खूण आजही पाहता येते. आपल्या खोलीबाहेरच्या सज्जाच्या भिंतीवर त्यांनी १५१७ च्या सुमारास आडव्या-उभ्या रेषांचा मोठा तक्ता आखला. आरशावरून परतणारा सूर्याचा कवडसा त्या भिंतीवर पडे. तो रोज कोठे सरकतो हे पाहून विषुवदिन नेमका कधी येतो, हे ते शोधत.

फ्रॉमबोर्क उत्तरेला, बाल्टिक समुद्राजवळ आहे. तेथे जूनमधला मोठा दिवस सतरा तासांचा असतो आणि नाताळच्या सुमारास दिवस जेमतेम सात तासांचा उरतो. आपल्या मुंबईत हाच फरक सुमारे तेरा आणि अकरा तास एवढाच आहे. तेथे जूनमध्ये सूर्य दुपारी बऱ्यापैकी वर चढतो, पण डिसेंबरच्या दुपारीही तो क्षितिजाच्या थोडासाच वर दिसतो. अशा प्रदेशात राहणाऱ्या माणसाला ऋतूंचे कोडे रोज डोळ्यांसमोर होते.

जुने ज्योतिषी म्हणत की पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती तिरप्या वाटेने फिरतो, म्हणून तो कधी उत्तरेला तर कधी दक्षिणेला जातो. कोपर्निकस यांनी पृथ्वीलाच सूर्याभोवती फिरवले. मग ऋतू कसे होतात, हेही त्यांना सांगावे लागले. त्यांचे उत्तर असे: पृथ्वीचा आस सरळ उभा नाही, तो सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर त्याचा रोख एकाच दिशेला राहतो.

हे घरी मुलांना सहज दाखवता येईल. खोलीत अंधार करून टेबलाच्या मध्यभागी दिवा ठेवा. एका मोसंबीत विणायची सुई आरपार खुपसा आणि सुईचे वरचे टोक थोडे दाराकडे कलते धरा. आता टोकाची दिशा न बदलता मोसंबी दिव्याभोवती फिरवा. दाराच्या समोरच्या बाजूला मोसंबीचा वरचा भाग दिव्याकडे झुकलेला दिसेल. तेथे सुई गिरकी घेऊ द्या. वरच्या भागातला एखादा ठिपका उजेडात जास्त वेळ राहतो आणि प्रकाशही त्याच्यावर सरळ पडतो. हा उन्हाळा. दाराच्या बाजूला आल्यावर तोच भाग दिव्यापासून दूर झुकतो. ठिपका अंधारात जास्त राहतो, प्रकाश तिरपा पडतो. हा हिवाळा. मोसंबीच्या खालच्या भागात त्याच वेळी नेमके उलटे घडते, म्हणूनच ऑस्ट्रेलियात नाताळ उन्हाळ्यात येतो.

एका बाबतीत कोपर्निकस यांचे अनुमान चुकले. आसाचा रोख कायम ठेवण्यासाठी पृथ्वीला एक वेगळी, तिसरी गती असली पाहिजे, असे त्यांना वाटले. फिरता भोवरा जसा आपली दिशा धरून ठेवतो, तशी फिरती पृथ्वीही ती आपोआप धरून ठेवते, हे पुढच्या पिढ्यांना उमगले. पण ऋतूंचे उत्तर मात्र तेच राहिले. मंगळाचा आसही सुमारे २५ अंश कलला असल्याने तेथेही ऋतू होतात. त्याचे वर्ष ६८७ दिवसांचे असल्याने ते आपल्या ऋतूंच्या जवळजवळ दुप्पट लांब असतात. गुरूचा आस तीन अंशच कललेला आहे, म्हणून तेथे ऋतू जवळपास नाहीतच.

आपले विचार कोपर्निकस यांनी अनेक वर्षे मोजक्या मित्रांपुरते ठेवले. लोक हसतील अशी त्यांना धास्ती होती. १५३६ साली कार्डिनल शोनबर्ग यांनी रोमहून पत्र पाठवून त्यांच्या लेखनाची प्रत मागितली. मित्र बिशप गीझे हेही आग्रह धरत होते. १५३९ साली विटेनबर्गहून ऱ्हेटिकस नावाचा पंचविशीतला लुथेरन गणितज्ञ त्यांच्याकडे शिकायला आला. ख्रिस्ती समाज दुभंगत असलेल्या त्या काळातही या कॅथलिक कॅनननी त्याला जवळ केले. त्याच्याच प्रयत्नाने ग्रंथ न्यूरेंबर्गच्या छापखान्यात गेला. ग्रंथ पोप तिसरे पॉल यांना अर्पण केलेला आहे. तो १५४३ साली छापून झाला आणि त्याच वर्षी २४ मे रोजी कोपर्निकस यांचे निधन झाले.

दिनदर्शिकेची सुधारणा १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी केली. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मोजण्यात आला. कोपर्निकस यांच्या ग्रंथावरून तयार केलेल्या सारण्या तोवर विद्वानांच्या हाती आल्या होत्या. मात्र याच ग्रंथावर १६१६ साली, दुरुस्त होईपर्यंत, बंदी घातली गेली. निषिद्ध पुस्तकांच्या यादीतून तो पूर्णपणे वगळला गेला तो १८३५ साली. आपल्याच एका सेवकाच्या बाबतीत ख्रिस्तसभेला एवढा वेळ लागला, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

त्यांची कबर कित्येक शतके खुणेविना होती. २००५ साली फ्रॉमबोर्क कॅथेड्रलमध्ये एका वेदीजवळ काही अवशेष सापडले. कोपर्निकस यांनी वापरलेल्या एका जुन्या पुस्तकात केस मिळाले होते. त्यांच्याशी डीएनए जुळला आणि ओळख पटली. ते पुस्तक १५१८ साली छापलेली दिनदर्शिका होते. २२ मे २०१० रोजी कॅथेड्रलमध्ये त्यांना पुन्हा सन्मानाने मूठमाती देण्यात आली. त्यांच्या काळ्या ग्रॅनाइटच्या कबरीवर आता सोनेरी सूर्य आणि त्याभोवती फिरणारे ग्रह कोरलेले आहेत.