पीतज्वराचे विषदंत काढणारा संशोधक

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात पाणी साठवून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. रांजण, पिंपे आणि टाक्यांतले हे स्वच्छ पाणी एडिस इजिप्ती डासाला चांगलेच मानवते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा हा डास आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत पीतज्वराचाही वाहक आहे. पीतज्वर भारतात नाही. परंतु त्यावरील लशीने डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंना शरीर कसे ओळखते, हे समजण्याची वाट मोकळी केली. ती लस मॅक्स थायलर यांची.

थायलर यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. वडील सर अर्नोल्ड थायलर हे स्वित्झर्लंडहून आलेले नामवंत पशुवैद्यकतज्ज्ञ. मॅक्स यांचे वैद्यकीय शिक्षण केपटाऊन व लंडन येथे झाले, मात्र एम.डी. ही पदवी त्यांनी कधीच मिळविली नाही. १९२२ मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले.

पीतज्वर जिवाणूमुळे होतो, असे जपानी संशोधक हिदेयो नोगुची यांचे प्रतिपादन होते. १९२६ मध्ये थायलर व त्यांच्या सहकाऱ्याने ते खोडून काढले. पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स आणि सहकाऱ्यांनी असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून भारतातील रीसस जातीच्या माकडांत हा रोग संक्रमित करून दाखविला. या संशोधनाची किंमत मोठी होती. १९२७ मध्ये स्टोक्स आणि १९२८ मध्ये नोगुची पीतज्वरानेच दगावले. १९२९ मध्ये थायलर यांनाही प्रयोगशाळेत संसर्ग झाला. सुदैवाने ते बचावले.

माकडे महाग आणि हाताळण्यास अवघड. विषाणू मेंदूत टोचल्यास पांढऱ्या उंदरांनाही रोग होतो, हे थायलर यांनी १९३० मध्ये सिद्ध केले आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रतिष्ठानात गेले. उंदरावर आधारलेली त्यांची रक्तचाचणी साधी होती. माणसाच्या रक्तातील सीरम विषाणूत मिसळून उंदराला टोचायचे. उंदीर वाचला, तर त्या माणसाच्या शरीराने हा विषाणू पूर्वी पाहिलेला आहे, असे समजायचे. या चाचणीच्या आधारे पीतज्वराचा जागतिक नकाशा आखला गेला. आशियात त्याचा मागमूस नव्हता.

असिबीच्या रक्तातील तोच विषाणू थायलर यांनी उंदराच्या व कोंबडीच्या गर्भपेशींत पुनःपुन्हा वाढविला. शंभराच्या आसपास फेऱ्या झाल्यावर त्याची मारकता सरली होती. संरक्षण देण्याची क्षमता मात्र शाबूत होती. '१७डी' या नावाची ही लस १९३७ मध्ये जाहीर झाली आणि ब्राझीलमध्ये वापरात आली. तिच्या वाट्याला अपयशही आले. लस टिकावी म्हणून तिच्यात मिसळलेल्या मानवी सीरममधून १९४२ मध्ये सुमारे ५० हजार अमेरिकी सैनिकांना कावीळ झाली. त्यानंतर सीरमचा वापर थांबविण्यात आला. १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. प्रतिष्ठान आता कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घेऊ लागले होते. या मोहिमेतूनच १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. धाराशिवशेजारच्या बार्शीत १९७३ मध्ये आलेल्या चिकुनगुन्याच्या साथीचा अभ्यास याच केंद्राने केला. थायलर मात्र ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन येथे निवर्तले होते.

आपली लस इतकी प्रभावी का, याचे पूर्ण उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. रक्तातील प्रतिपिंडे पेशीबाहेरचा विषाणू पकडतात. तो पेशीत शिरला की त्यांचा इलाज चालत नाही. अशा वेळी पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे करते आणि आठ ते दहा अमिनो आम्लांचा एकेक तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी-पेशी तो चाचपतात आणि परका आढळल्यास ती पेशीच नष्ट करतात. टी-पेशी विषाणूची खूण पेशीच्या स्वतःच्या खुणेसोबतच ओळखतात, हे १९७४ मध्ये झिंकरनागेल व डोहर्टी यांनी दाखविले. १९८६ मध्ये अलेन टाउनसेंड यांनी तुकडाच पुरेसा असल्याचे सिद्ध केले.

१९८७ मध्ये असिबी विषाणू आणि १७डी यांची तुलना झाली. सुमारे ३,४०० अमिनो आम्लांपैकी अवघी ३२ बदललेली आढळली. विषदंत गेले होते, ओळखीच्या खुणा बहुतांश तशाच होत्या. एक मात्रा आयुष्यभर पुरते, असा निर्वाळा २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिला.

डेंग्यूच्या बाबतीत हे गणित इतके सरळ ठरले नाही. १७डीच्या गाभ्यावर डेंग्यूचे बाह्य आवरण चढवून एक लस तयार झाली. पण पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना तिच्यामुळे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो, हे २०१७ मध्ये उघड झाले. आतली प्रथिने पीतज्वराची असल्याने टी-पेशींना डेंग्यूच्या अंतर्गत तुकड्यांची ओळखच होत नाही, हे तिच्या मर्यादेचे एक कारण मानले जाते. थायलर यांच्या विषाणूत आवरण आणि गाभा दोन्ही मूळ शत्रूचेच होते. त्यांच्या यशाचे मर्म आणि डेंग्यूवर लस शोधणाऱ्यांपुढील आव्हान, दोन्ही यातच सामावलेले आहेत.