राजीनाम्याआधी बाबासाहेबांनी काय केले?

माझ्या टेबलासमोर वर्षातून पाच-सात वेळा एकच प्रश्न येतो. समोर बसलेला माणूस आपलाच असतो. कुणी बँकेत, कुणी निमसरकारी कार्यालयात, कुणी कंत्राटी पद्धतीवर कामाला. कुणाला पुढे शिकायचे असते, कुणाला चळवळीत पूर्णवेळ यायचे असते, कुणाला वरिष्ठांकडून रोज होणारा अपमान सोसवत नसतो. राजीनाम्याचा कागद लिहून तयार असतो, पण सही होत नाही. बापाने हमाली करून शिकवले, घराण्यातली ही पहिली नोकरी, ती सोडायची कशी?

ही भीती खोटी नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्यांची जमीन आणि वाडे आहेत त्यांना ती कळणार नाही. आपल्या घरात नोकरी गेली की धरायला दुसरे काही उरत नाही. अशा वेळी आपले काही वक्ते सांगतात, बाबासाहेबांनी नोकरीला लाथ मारली, तुम्हीही मारा. टाळ्या मिळतात. पण बाबासाहेबांचे चरित्र असे टाळ्यांसाठी वापरणे हा त्या चरित्रावर अन्याय आहे. त्यांनी नोकऱ्या सोडल्या हे खरे, पण दर वेळी सारख्या रीतीने सोडल्या नाहीत. त्यातला फरक समजून घेतला पाहिजे.

सुभेदार रामजींचा हा मुलगा बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. घरात रमाई, दोन महिन्यांचा यशवंत आणि मोठे कुटुंब. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, ही त्यातली अट. म्हणजे तेविसाव्या वर्षी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाच्या डोक्यावर घर होते आणि करारही होता. आपल्यापेक्षा त्यांचे बंध सैल होते असे कुणी समजू नये.

कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे अभ्यास करून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ते १९१७ मध्ये भारतात परतले आणि करार पाळण्यासाठी सप्टेंबरमध्ये बडोद्याला हजर झाले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. पुढे अर्थखाते त्यांच्याकडे द्यावे असा महाराजांचा विचार होता.

पुढचे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. शिपाई लांबून टेबलावर फायली फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी सराईत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होते, त्या दोघांनीही आपापली अडचण सांगितली. कोलंबियाचा हा विद्वान कामाठी बागेत तासन् तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाला. बडोद्याची नोकरी सुटली.

ही नोकरी त्यांनी सोडली असे आपण म्हणतो. एक वकील म्हणून मी म्हणेन, त्यांना नोकरी सोडणे भाग पाडले गेले. राजीनामा त्यांचा असेल, पण कारण जातिव्यवस्था होती. आणि हातात तयारी काहीच नव्हती. मुंबईत त्यांनी शिकवण्या धरल्या. शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तर सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. सुमारे वर्षभर असे गेले. नोकरी गेल्यावर माणसाचे काय होते, हे बाबासाहेबांनी पुस्तकात वाचले नव्हते. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी ते भोगले होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी गिरणी कामगारांच्या वस्तीत राहणाऱ्या माणसासाठी ही रक्कम म्हणजे केवढी! विद्यार्थ्यांत नाव झाले. प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी इथेही घेतलाच. पण पगार वेळेवर येत होता, आणि कुणी काठी घेऊन दारात उभे नव्हते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पुरे झाले आता.

बाबासाहेबांनी या नोकरीत काय केले ते पाहा. नोकरीत असतानाच २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या मदतीने 'मूकनायक' सुरू केले. सरकारी महाविद्यालयात नोकरीला असल्याने संपादक म्हणून पांडुरंग भटकर यांचे नाव होते, पण लेखणी कुणाची आहे हे सर्वांना कळत होते. नोकरीत राहून समाजाचे काम करता येत नाही म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावे.

आणि याच काळात ते पैसे साठवत होते. राहणी परळच्या चाळीतलीच ठेवली. लंडनचा अपुरा अभ्यास त्यांच्या डोळ्यांसमोर होता, परवानगीची चार वर्षांची मुदतही होती. पुरेसे साठले तेव्हा मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्यात माणगाव परिषद झाली. जुलैमध्ये ते लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढी शिदोरी होती.

बडोदा आणि सिडनहॅम, दोन्हीकडची नोकरी सुटली. मध्ये फक्त अडीच वर्षे. पण पहिल्या वेळी माणूस रस्त्यावर आला आणि दुसऱ्या वेळी ठरलेल्या मुक्कामाला निघाला. फरक धैर्याचा नव्हता, धैर्य दोन्ही वेळी तेच होते. दुसऱ्या वेळी कशासाठी सोडायचे हे पक्के होते, किती पैसे लागतील याचा हिशेब होता आणि पाठीशी माणसे होती.

लंडनमध्ये त्यांनी उपास काढले, ग्रंथालयात दिवस घालवले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये डी.एस्सी. परतल्यावर विद्वत्तेच्या जोरावर पुन्हा मोठ्या पगाराची नोकरी त्यांना मिळवता आली असती. त्यांनी वकिली निवडली. सनदेची फी भरायला पैसे नव्हते, तेही भथेनांनीच दिले. सुरुवातीला सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देत नसत, म्हणून मिळतील ते खटले घेतले. १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवले. म्हणजे घरखर्चाची एक बाजू धरून ठेवली आणि स्वातंत्र्यही सोडले नाही.

या स्वातंत्र्याचे फळ काय? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२६ मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' खटल्यात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचा यशस्वी बचाव. २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे, आणि त्याच तळ्याचा दावा उच्च न्यायालयापर्यंत लढवून १९३७ मध्ये मिळवलेला विजय. चवदार तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या हातांवर कुठल्याही साहेबाच्या शेऱ्याची टांगती तलवार नव्हती, हे आपण ध्यानात घ्या.

पुढेही हेच दिसते. शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी १९३५ मध्ये स्वीकारले आणि १९३८ मध्ये सोडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नासह अनेक कारणांनी देशाच्या कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या निवडणुकीत ते मुंबईत पराभूत झाले. पद सोडले की लगेच विजय मिळतो असे नाही, हेही बाबासाहेबांच्या चरित्रात लिहिलेले आहे.

पण हिशेब इथे पुरा होत नाही. ते लंडनला असताना परळच्या खोलीत संसार कुणी ओढला? माता रमाईने. चार लेकरे या माउलीने मातीआड जाताना पाहिली. २७ मे १९३५ रोजी ती गेली. बाबासाहेबांच्या प्रत्येक राजीनाम्यावर एक सही रमाईचीही होती, ती कागदावर दिसत नाही एवढेच. 'मूकनायक'लाही किंमत मोजावी लागली. बाबासाहेब परदेशी गेल्यावर ते पत्र टिकले नाही. नोकरी सोडणाऱ्याने आपल्या निर्णयाची किंमत कोण कोण भरणार आहे हे आधी विचारले पाहिजे, आणि त्यांच्याशी बोलले पाहिजे.

म्हणून माझ्यासमोर कागद घेऊन बसणाऱ्याला मी आता सांगतो, आजच सही करू नकोस. कशासाठी सोडतोस ते एका ओळीत लिही. वर्षभराचा खर्च मांड. नोकरी गेली तरी जाणार नाही अशी विद्या हाताशी आहे का ते पाहा. घरच्यांना सोबत घे. छळ होत असेल तर आधी त्याची लेखी तक्रार कर, कारण रागात लिहिलेला राजीनामा पुष्कळदा छळणाऱ्याच्याच सोयीचा ठरतो. एवढे करूनही भीती राहील. राहू दे. तयारी झालेल्या माणसाची भीती त्याचे पाऊल अडवत नाही.

आणि जे बांधव नोकरीत आहेत, राहणार आहेत, त्यांनाही दोन शब्द. सगळ्यांनी नोकरी सोडावी असे बाबासाहेबांनी सांगितलेले नाही. उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्या, हे मात्र सांगितले आहे. बाबासाहेबांना एक शाहू महाराज भेटले, एक नवल भथेना भेटले. आज आपल्या वस्तीतला एखादा तरुण अभ्यासासाठी, वकिलीसाठी, चळवळीसाठी पगार सोडू पाहतो तेव्हा त्याच्या सनदेची फी कोण भरणार? आपल्यातले हजारो लोक दर महिन्याला पगार घेतात. त्यातल्या प्रत्येकाने एकाचा भथेना व्हायचे ठरवले, तर या समाजातील राजीनाम्याची भीती निम्मी तरी कमी होईल.

जयभीम!