इंदूरच्या कन्या डॉ. कमला सोहोनी

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतील ऊर्जेचा कारखाना, हे आपण पुस्तकात वाचतो. या ऊर्जेच्या अभ्यासात आपल्या जवळच्याच इंदूरमध्ये जन्मलेल्या एका मराठी मुलीचा वाटा आहे. या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन कमलाताईंनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. केवळ स्त्री असल्यामुळे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाताई मागे हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम पाहू, या अटीवर त्यांना घेतले गेले. दूध व कडधान्यांतील प्रथिनांवरचे त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

नंतर केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळले. अन्नातील ऊर्जा मोकळी होताना इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारे हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियात असते. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता!

हेच प्रथिन आपल्या मेंदूतही काम करते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीतही तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. मेंदूतील पेशींना झाडासारख्या फांद्या असतात. त्यांना डेंड्राइट म्हणतात. इतर पेशींचे संदेश त्या घेतात. उंदरांवरील अलीकडच्या संशोधनात असे दिसले, की एकाच पेशीच्या काही फांद्यांत मायटोकॉन्ड्रिया आखूड, तर काहींत दोऱ्यासारखे लांब असतात. पेशीला येणाऱ्या संदेशांचाही या आकारावर परिणाम होतो. म्हणजे जसे काम, तसा कारखाना!

मायदेशी परतल्यावर कमलाताईंनी नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या त्या संचालिका झाल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पालकांना व विश्वस्तांना आमची एवढीच विनंती, की प्रयोगशाळेत येऊ पाहणाऱ्या कोणत्याही मुलीला दाराशी थांबावे लागू नये. आणि मुलींनो, कोणी थांबवलेच, तर कमलाताईंची आठवण ठेवा.