ज्यो-लॉरी मैत्री आणि लुइझा मे ऑल्कॉट : एक चरित्रात्मक विवेचन

'लिटल विमेन' ही कादंबरी मराठी वाचकाला प्रामुख्याने शांता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे परिचित आहे. मार्च कुटुंबातील चार बहिणींपैकी दुसरी, ज्यो, आणि शेजारच्या श्रीमंत घरातील पोरका नातू लॉरी यांची मैत्री हा या कादंबरीतील सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. आणि ज्योने लॉरीला दिलेला नकार हा वाचकांना सर्वाधिक खटकलेला भाग. किशोरवयीन वाचकांसाठीच्या कथात्म साहित्यात मुलामुलीची मैत्री आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचे प्रेमात होणारे रूपांतर हा पुढे एक रूढ साचा झाला. त्या साच्याच्या उगमापाशी उभी असलेली ही कादंबरी स्वतः मात्र तो साचा नाकारते. या नकारामागे केवळ लेखिकेचा हट्ट होता, असे मानण्याची प्रथा आहे. लुइझा मे ऑल्कॉटचे चरित्र बारकाईने पाहिले असता ही समजूत अपुरी ठरते.

लुइझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी पेन्सिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे झाला. वडील ब्रॉन्सन ऑल्कॉट यांचाही जन्मदिवस तोच. ब्रॉन्सन हे तत्त्वचिंतक आणि शिक्षणक्षेत्रातील प्रयोगशील पुरुष होते. संसार चालविण्याची कला मात्र त्यांना कधीही साधली नाही. बॉस्टनमधील त्यांची टेंपल स्कूल ही शाळा धर्मविषयक मोकळ्या संवादांमुळे वादग्रस्त होऊन ओस पडली. त्यानंतरच्या लहानशा शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा उरल्यासुरल्या पालकांनीही आपली मुले काढून घेतली. १८४३ साली 'फ्रूटलँड्स' नावाच्या शेतीवसाहतीत हे कुटुंब राहावयास गेले. तेथे मांस, दूध, अंडी वर्ज्य होती. लोकर मेंढीची म्हणून आणि कापूस गुलामांच्या श्रमाचा म्हणून निषिद्ध होता. अंगावर तागाचे कपडे आणि समोर न्यू इंग्लंडचा हिवाळा, अशा स्थितीत १८४४ च्या जानेवारीत हा प्रयोग संपला. दहा-अकरा वर्षांच्या लुइझाने आदर्शवादाची किंमत घरातील स्त्रीला कशी मोजावी लागते, हे तेथे पाहिले. तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, तिने या अनुभवावर एक उपरोधिक कथा लिहिली. तिच्यात वडिलांविषयी ममत्व आहे, पण भाबडेपणा नाही.

काँकर्डमधील वास्तव्य हा तिच्या घडणीतील संपन्न काळ. इमर्सन शेजारी होते, त्यांचे ग्रंथालय तिला खुले होते. थोरो मुलांना रानावनांतून हिंडवीत. किशोरवयात लुइझाच्या हाती गटे आणि बेटिना यांच्या पत्रव्यवहाराचे पुस्तक पडले आणि तिने मनोमन इमर्सन यांना गटेच्या जागी बसविले. त्यांना उद्देशून तिने पत्रे लिहिली, पण कधीच दिली नाहीत; त्यांच्या दारात रानफुले ठेवली; त्यांच्या खिडकीखाली एक जर्मन गीत गायले, तेही बहुधा कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. पुढे ती पत्रे तिने जाळून टाकली आणि बऱ्याच वर्षांनी हा प्रकार स्वतः इमर्सन यांना हसत सांगितला. पौगंडावस्थेतील आकर्षणाकडे सहानुभूतीने, पण हसऱ्या अलिप्ततेने पाहण्याची तिची रीत या प्रसंगापासूनच दिसू लागते.

दारिद्र्य मात्र सुटत नव्हते. शिवणकाम, शिकवणी, सोबतीण म्हणून नोकरी, घरकाम असे जे मिळेल ते तिने केले. १८५४ मध्ये 'फ्लॉवर फेबल्स' हा पऱ्यांच्या कथांचा संग्रह निघाला. १८५८ च्या मार्चमध्ये धाकटी बहीण एलिझाबेथ हिचा मृत्यू झाला आणि त्याच सुमारास थोरली अॅना हिचा विवाह ठरला. लुइझाच्या लेखी या दोन्ही घटना एकाच जातीच्या होत्या : दोन्हींनी बहिणींचे विश्व मोडले. विवाह म्हणजे वियोग, ही जाणीव पुढे ज्योच्या ठिकाणी मेगच्या लग्नाविषयीच्या रागात प्रकट होते.

याच वर्षांत काँकर्डमध्ये शिक्षणासाठी आलेला आल्फ व्हिटमन हा मुलगा ऑल्कॉट कुटुंबाच्या हौशी नाटकांत सामील झाला. डिकन्सच्या एका कथेच्या नाट्यरूपात तो आणि लुइझा पती-पत्नीच्या भूमिका करीत. वयाने तो तिच्याहून बराच लहान होता. तो कॅन्ससला निघून गेल्यावरही ती त्याला त्या पात्राच्या नावाने पत्रे लिहीत राहिली. थोरलेपणाची माया, बरोबरीची थट्टा आणि रंगमंचावरची लटकी जोडी या तिन्हींचे जे मिश्रण या पत्रांत आढळते, तेच ज्यो-लॉरीच्या संवादांचे मूळ द्रव्य होय. १८६९ च्या जानेवारीत आल्फला लिहिताना लॉरीचा अर्धा भाग तो आणि अर्धा भाग एक पोलिश तरुण असल्याचे तिने स्वतःच कळविले.

हा पोलिश तरुण तिच्या आयुष्यात आला तो यादवी युद्धानंतर. डिसेंबर १८६२ मध्ये ती जॉर्जटाउन येथील लष्करी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली आणि काही आठवड्यांतच विषमज्वराने खाटेला खिळली. उपचारासाठी दिलेल्या कॅलोमेल या पारायुक्त औषधाने आपली प्रकृती कायमची ढासळली, असे ती मानीत असे; अलीकडील वैद्यकीय अभ्यासकांनी तिला ल्युपस हा विकार असावा, अशी शक्यताही मांडली आहे. या अनुभवावरील 'हॉस्पिटल स्केचेस' (१८६३) या पुस्तकाने तिला नाव मिळवून दिले. पैसा मिळत होता तो निराळ्याच लेखनातून. ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने ती साप्ताहिकांसाठी सूड, वेषांतर आणि कारस्थान यांनी भरलेल्या कथा लिहीत होती. हे रहस्य १९४० नंतरच्या दशकात लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडलिन स्टर्न यांनी उलगडले.

१८६५ च्या जुलैमध्ये अॅना वेल्ड या रुग्ण तरुणीची सोबतीण म्हणून लुइझा युरोपला निघाली. शरद ऋतूत त्या दोघी स्वित्झर्लंडमधील लेमान सरोवराच्या काठी, व्हेव्हे या गावी एका निवासगृहात उतरल्या. तेथे लाडिस्लास विस्निएव्हस्की हा विशीच्या आसपासचा तरुण होता. १८६३ च्या पोलिश उठावात तो लढला होता, छातीने अधू झाला होता आणि पियानो उत्तम वाजवीत असे. लुइझाने त्या नोव्हेंबरात तेहतिसावे वर्ष पूर्ण केले. त्याने तिला फ्रेंच शिकवावे आणि तिने त्याला इंग्रजी, असा क्रम सुरू झाला. सरोवरात नौकाविहार आणि बागेतील फेरफटके होऊ लागले. १८६६ च्या मे महिन्यात, आजारी तरुणीची सोबत सोडून ती एकटीच पॅरिसला आली, तेव्हा लाडिस्लास स्थानकावर उभा होता. सुमारे दोन आठवडे त्याने तिला शहर दाखविले. नंतर ती लंडनला गेली आणि जुलैत घरी परतली. आजन्म दुसऱ्यांच्या उपयोगी पडत आलेल्या या स्त्रीच्या वाट्याला आलेली बहुधा ही एकमेव निखळ सुट्टी होती.

या प्रकरणाचे स्वरूप काय होते? रोजनिशीत तिने एका छोट्याशा प्रेमकथेचा उल्लेख केला, पुढच्या ओळी खोडल्या आणि ते होणे शक्य नव्हते अशा आशयाची दोन शब्दांची नोंद ठेवली. चरित्रकारांनी या खोडलेल्या ओळींवर फार मोठे इमले उभारले आहेत. त्यांच्या उत्साहाला आवर घालणारी दोन प्रमाणे आहेत. पहिले असे की, १८७२ मधील 'माय बॉइज' या लेखात तिने लाडिस्लासविषयी स्वतःच जाहीरपणे लिहिले, आणि तेथील सूर एका मोठ्या बहिणीचा आहे. दुसरे असे की, लुइझ चँडलर मोल्टन या लेखिकेशी बोलताना तिने आपण कोणत्याही पुरुषाच्या प्रेमात कधी पडलो नाही, सुंदर मुलींच्या मात्र अनेकदा पडलो, आणि आपल्या देहात पुरुषाचा आत्मा असावा, अशा अर्थाचे विधान केले होते. या विधानाला आजच्या संज्ञा चिकटविण्याची घाई करू नये; परंतु त्याकडे डोळेझाक करून व्हेव्हेचे प्रकरण एक भग्न प्रेमकथा म्हणून सांगणेही प्रामाणिकपणाचे नव्हे. त्या सरोवरकाठी एक सख्य होते, त्याला नाव नव्हते, आणि भोवतालच्या समाजापाशी त्यासाठी विवाहाखेरीज दुसरा शब्द नव्हता, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

१८६७ च्या सप्टेंबरात रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेच्या टॉमस नाइल्सने तिच्याकडे मुलींसाठी पुस्तक मागितले. तिला मुलींच्या विश्वात रस नव्हता. आपल्या बहिणींपलीकडे फारशा मुली आपल्याला ठाऊक नाहीत, ही तिची तक्रार होती. १८६८ च्या मे महिन्यात तिने लेखनास हात घातला आणि जुलैच्या मध्यापर्यंत चारशेहून अधिक पानांचे हस्तलिखित पूर्ण केले. आरंभीची प्रकरणे नाइल्सला रुक्ष वाटली आणि तिचेही मत तेच होते. ज्या मुलींनी ती वाचली, त्यांचे मात्र तसे नव्हते. पहिली दोन हजार प्रतींची आवृत्ती झपाट्याने संपली. स्वामित्वहक्क विकू नये, हा नाइल्सचा सल्ला तिने ऐकला. ऑल्कॉट कुटुंबाचे दारिद्र्य त्या एका निर्णयाने संपले.

पहिल्या भागात ज्यो आणि लॉरी यांच्यामध्ये प्रेमाची छायाही पडू न देण्याची दक्षता लेखिकेने घेतली आहे. उन्हाळ्यातील नदीकाठची वनसहल, तेथील क्रोकेचा सामना, टेकडीवर बसून रंगविलेली भविष्याची स्वप्ने या प्रकरणांत दोघे बरोबरीचे सवंगडी आहेत. ज्योला मुलगा व्हावयाचे आहे. लॉरीला आजोबांच्या पेढीऐवजी संगीत हवे आहे. दोघांनाही आपापल्या लिंगाने नेमून दिलेले भविष्य नकोसे आहे, आणि या समान नकारावरच त्यांची मैत्री उभी आहे. वाचक मुलींनी मात्र या मैत्रीचा अर्थ आपल्या परीने लावला. दुसरा भाग लिहीत असताना, कोणाचे कोणाशी लग्न होणार, अशी विचारणा करणारी पत्रे येऊ लागली. स्त्रीच्या आयुष्याचे साध्य म्हणजे केवळ लग्नच काय, असा संताप तिने रोजनिशीत नोंदविला आणि कोणाच्याही समाधानासाठी ज्योचे लॉरीशी लग्न लावणार नाही, असे ठरविले. ज्यो अविवाहित लेखिकाच राहावी, असा तिचा मानस होता. पण वाचकांचा आणि व्यवहाराचा रेटा होता. तेव्हा तिने तडजोडीतही खोडी केली : प्रौढ, गबाळा, निर्धन जर्मन प्राध्यापक भाएर तिने ज्योसाठी निर्माण केला. १८६९ च्या जानेवारीत हस्तलिखित पूर्ण झाले, एप्रिलमध्ये दुसरा भाग निघाला.

यातील एक तपशील विशेष विचारार्ह आहे. ज्योने नाकारलेला लॉरी अखेर एमीला मागणी घालतो ती व्हेव्हे येथे, लेमान सरोवरात, दोघे मिळून एक नाव वल्हवीत असताना. ज्या जागी लुइझाने स्वतः ते अनाम सख्य अनुभवले, ती जागा, ते पाणी, ती नाव तिने ज्योला दिली नाही. धाकट्या बहिणीला दिली. त्या वेळी ज्यो घरी आहे आणि बेथच्या मृत्यूनंतरच्या रित्या घरात कामे उरकीत आहे. चरित्र आणि कादंबरी यांचे नाते साध्या प्रतिबिंबाचे नसते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. लुइझाने आपला अनुभव नायिकेच्या हवाली केला असता, तर तिला त्याचा शेवट विवाहातच करावा लागला असता. तो दुसरीकडे वळविल्यामुळे ज्यो-लॉरीची मैत्री, जखमी का होईना, मैत्री म्हणून टिकली.

साच्याने तरीही आपला वसूल घेतलाच. १८८० मध्ये दोन्ही भागांची एकत्रित, सुधारित आवृत्ती निघाली. तीत भाषेतील रांगडेपणा घासूनपुसून गुळगुळीत झाला आणि लॉरीचे रूपही बदलले. मूळ पाठात ज्यो त्याचे वर्णन करते तेव्हा त्याचे नाक लांब आहे आणि उंची तिच्याइतकी आहे. सुधारित पाठात नाक देखणे झाले आणि तो तिच्याहून उंच झाला. बरोबरीच्या उंचीचा मित्र दोन-चार शब्दांच्या फेरफाराने नायक होऊन बसला. पुढील शतकभर बहुसंख्य वाचकांनी हाच दुसरा लॉरी वाचला आणि ज्योचा नकार त्यांना अधिकच अनाकलनीय वाटला. या कादंबरीवर संशोधन करणाऱ्याने कोणता पाठ हाती घेतला आहे, हे आधी पाहिले पाहिजे, ते यासाठी.

उत्तरायुष्यात लुइझाला कीर्ती आणि पैसा मिळाला. स्वास्थ्य मिळाले नाही. १८७० मध्ये ती धाकटी बहीण मे हिच्यासह पुन्हा युरोपला गेली आणि व्हेव्हेलाही राहिली. त्याच वर्षी अॅनाचा पती वारला. ही वार्ता कळताच, त्याच्या मुलांना आधार व्हावा म्हणून तिने रोममध्ये 'लिटल मेन' लिहावयास घेतले. १८७७ मध्ये आई गेली. १८७९ च्या डिसेंबरात, बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी, मे पॅरिस येथे मृत्यू पावली. तिची मुलगी लुलू पुढच्या वर्षी मावशीकडे आली आणि अविवाहित लुइझा सत्तेचाळिसाव्या वर्षी आई झाली. त्याच सुमारास शालेय समितीच्या निवडणुकीसाठी स्त्रियांना मताधिकार मिळताच काँकर्डमध्ये मतदार म्हणून सर्वप्रथम नाव नोंदविणारी स्त्री तीच. १८८६ मध्ये 'ज्योज बॉइज' लिहून तिने मार्च कुटुंबाची कथा संपविली. तीत कीर्तिमान लेखिका झालेली ज्यो दारावर येणाऱ्या चाहत्यांपासून लपण्याचा खटाटोप करते, आणि लॉरी अजूनही तिच्या घराशेजारीच राहतो.

जुन्या रोजनिश्या पुन्हा वाचून तिने त्यांत समासटिपा लिहिल्या, काही मजकूर नष्ट केला. ४ मार्च १८८८ रोजी ब्रॉन्सन ऑल्कॉट निवर्तले. ती वार्ता न कळताच ६ मार्च रोजी बॉस्टनमध्ये लुइझाचा अंत झाला. काँकर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत, इमर्सन आणि थोरो यांच्या जवळच, तिचे कुटुंबीयांसमवेत दफन करण्यात आले.