अनवाणी पावलांचा विश्वविक्रम

पातळ तळाच्या, अनवाणी धावल्यासारखे वाटणाऱ्या बुटांची चर्चा निघाली, की अबेबे बिकिला यांचे स्मरण हटकून होते. इथिओपियात १९३२ मध्ये जन्मलेले बिकिला सम्राट हैले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात होते. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये नवे बूट पायांना नीट बसेनात, म्हणून ते अनवाणीच धावले. २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत त्यांनी विश्वविक्रमासह मॅरेथॉन जिंकली. कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडूचे ते पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक ठरले. १९६४ मध्ये टोकियोत मात्र बूट घालून त्यांनी स्वतःची ही वेळ तीन मिनिटांनी सुधारली. अनवाणी धावणे हा त्यांचा हट्ट नव्हता. खरे बळ होते ते सरावाने कणखर झालेल्या पायांत. १९६९ च्या मोटार अपघाताने ते पायच निकामी केले. १९७३ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी, बिकिला यांचे निधन झाले.