ॲलन ट्युरिंग : यंत्राच्या अवस्था आणि चुकांची तपासणी

बेरीज करताना आपण हातचा लिहून ठेवतो. तो न लिहिताही उत्तर येतं, पण तपासणाऱ्याला मग सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. हातचे लिहिलेले असले की एकेक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. २४ जून १९४९ रोजी केंब्रिजच्या संगणक परिषदेत ॲलन ट्युरिंग यांनी अगदी हेच उदाहरण दिलं. मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसं तपासायचं, हा त्यांचा विषय होता.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईवडील भारतात आणि मुलं इंग्लंडात दुसऱ्यांच्या घरी, असं त्यांचं बालपण गेलं.

१९३६ साली त्यांनी एक काल्पनिक यंत्र मांडलं. चौकोनांची लांबच लांब फीत आणि सोबत एक तक्ता, बस्स! या अवस्थेत हे चिन्ह दिसलं तर काय लिहायचं, कुठे सरकायचं आणि पुढच्या कोणत्या अवस्थेत जायचं, एवढंच त्या तक्त्यात असतं. अवस्था मोजक्याच. अमर्याद फीत बाजूला ठेवली, की उरतं ते मर्यादित अवस्थांचं यंत्र.

आज सॉफ्टवेअर तपासणारे असाच तक्ता मांडतात. एटीएम घ्या. कार्डाची वाट पाहणे, पिनची वाट पाहणे, पैसे देणे या झाल्या अवस्था. एका अवस्थेतून दुसरीत नेणारा प्रत्येक बाण निदान एकदा तरी चालून बघायचा. पण खरी गंमत रिकाम्या चौकोनांत असते. पैसे मोजले जात असताना कुणी ‘रद्द’ दाबलं तर? तक्ता मांडला नाही, तर हा प्रश्न कुणाला सुचतही नाही!

युद्धकाळात ट्युरिंग ब्लेचली पार्कमध्ये होते. जर्मनांचं एनिग्मा हेही अवस्था बदलणारं यंत्रच. कळ दाबली की चक्र फिरे आणि तेच अक्षर पुन्हा दाबलं तरी वेगळं अक्षर उमटू शके. तीन चक्रांच्या स्थितीच १७,५७६! संदेशातला एखादा शब्द ओळखून, त्याच्याशी विसंगत ठरणाऱ्या स्थिती भराभर बाद करणाऱ्या ‘बॉम्ब’ यंत्राच्या रचनेत ट्युरिंग यांचा मोठा वाटा होता.

१९४९ च्या त्या तीन पानी टिपणात त्यांनी फक्त बेरजा वापरून क्रमगुणित काढणारा प्रोग्रॅम घेतला. प्रत्येक टप्प्यावर कोणत्या जागेत काय असायला हवं, हे आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे हातचेच! शिवाय प्रोग्रॅम कधीतरी थांबतो, हेही वेगळं दाखवायचं.

१९५२ साली एका पुरुषाशी असलेल्या संबंधांबद्दल त्यांना दोषी ठरवलं गेलं, कारण तेव्हा इंग्लंडात तो गुन्हा होता. तुरुंगाऐवजी त्यांना हार्मोनचे उपचार घ्यावे लागले आणि सरकारी गुप्त कामही बंद झालं. ७ जून १९५४ रोजी सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४१. शाही माफी मिळाली ती थेट २०१३ साली.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी एडवर्ड मूर यांचा लेख आला. यंत्र पेटीत बंद आहे, आपण फक्त कळा दाबायच्या आणि बाहेर काय येतं ते बघायचं. एवढ्यावरून आतल्या अवस्था कितपत ओळखता येतील, हा मूर यांचा प्रश्न होता.