समजून घ्या : एका खात्यावर दोन हात, डाइक्स्ट्रा यांचा सिग्नल काय करतो?

संयुक्त खात्यात १,००० रुपये आहेत. दोघांनी एकाच क्षणी ८०० रुपये पाठवले आणि दोन्ही प्रोग्रॅमना शिल्लक १,०००च दिसली, तर? अशा घोळावर पायाभूत उपाय दिला डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा (१९३०-२००२) यांनी.

जन्म रॉटरडॅमचा. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत प्रोग्रॅमर हा व्यवसाय मान्यच झाला नाही. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले. १९६०च्या दशकात त्यांनी सेमाफोर मांडला. नाव रेल्वे सिग्नलवरून घेतलेले. वाट मोकळी आहे का हे पाहणे आणि ती अडवणे, दोन्ही एकाच अखंड पावलात होते. मध्ये कुणी घुसत नाही. पहिला बाहेर पडेपर्यंत दुसरा थांबतो.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तुमच्या फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आजही सेमाफोर आहे.